शाळेचा निकाल गावाच्या चावडीवर

गोंदिया जिल्ह्यात १ मे या दिवसाला तिहेरी महत्त्व आहे. १९६० साली या दिवशी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १९९९ साली याच दिवशी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि राज्यातील प्राथमिक शाळांच्या परिपाठाप्रमाणे वार्षिक निकाल लागून मुलांच्या हाती प्रगतिपुस्तक पडते, तेही बहुधा याच दिवशी. ध्वजवंदन, ग्रामसभा आणि शाळेचा निकाल या तिन्ही गोष्टी पुष्कळ गावी एकाच सकाळी पार पडतात.

नागझिऱ्याच्या वनाभोवती वसलेल्या गावांत या दिवसांत आणखी एका कामाची लगबग असते. अभयारण्याबाहेरच्या जंगलात तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. घरातील कर्ती माणसे पहाटेच पाने तोडण्यास निघतात आणि दुपारी अंगणात बसून त्यांची पुडकी बांधतात. मूल प्रगतिपुस्तक घेऊन घरी येते ते अशा वेळी. ‘वर चढला का?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो. होकार मिळाला की प्रगतिपुस्तकावर सही अथवा अंगठा उमटतो आणि ते पेटीत जाऊन पडते. मूल कोणत्या इयत्तेत गेले हे घरास कळते. ते काय शिकले हे कळत नाही. घरास जे कळत नाही ते गावासही कळत नाही.

मुलांच्या चाचण्यांचे निकाल व त्यांची शैक्षणिक प्रगती लोकांपुढे कशी मांडावी, त्यातील काय सर्वांना सांगावे व काय केवळ पालकाच्या कानी घालावे, आणि सांगितलेले आकडे गावाने कसे वाचावेत, या प्रश्नांचा विचार या लेखात नागझिरा परिसर डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

परिसर आणि शाळा

नागझिरा अभयारण्याची घोषणा १९७० साली झाली. सुमारे १५३ चौरस किलोमीटरचे हे वन २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. मंगेझरी, चोरखमारा, पिटेझरी, उमरझरी ही नावे पर्यटकांस अभयारण्याची प्रवेशद्वारे म्हणून परिचित आहेत. त्या नावांमागे गावे आहेत, आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांत लहान लहान प्राथमिक शाळा आहेत.

या शाळांची काही वैशिष्ट्ये ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचा निकाल समजणे शक्य नाही. पहिले वैशिष्ट्य पटसंख्येचे. वस्ती लहान, म्हणून वर्गही लहान. एका इयत्तेत सात-आठ मुले असणे ही येथे अपवादाची गोष्ट नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. याचा अर्थ पहिली ते पाचवीचे पाच वर्ग दोन शिक्षकांनी सांभाळावयाचे असतात. दुसरे वैशिष्ट्य भाषेचे. पाठ्यपुस्तकाची मराठी प्रमाण असते. घरी मात्र कोठे झाडीबोली, कोठे पोवारी, कोठे गोंडी तर कोठे हलबी बोलली जाते. तिसरे वैशिष्ट्य हंगामाचे. धानाची रोवणी, धानाची कापणी, मोहफुलांची वेचणी आणि तेंदूपाने असे घराचे वर्ष विभागलेले असते. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीस घरी ठेवले जाते तेही याच दिवसांत.

शहरातील चार तुकड्यांच्या शाळेचा निकाल आणि अशा शाळेचा निकाल एकाच रकान्यात लिहिला, म्हणजे दोन्ही आकडे सारखे दिसतात. परंतु ते सारखे बोलत नाहीत.

जाहीर निकालाचा पूर्वेतिहास

निकाल लोकांसमोर मांडण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. १८५३ च्या फेब्रुवारीत पुणे येथे जोतीराव फुले यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळांची परीक्षा जाहीरपणे घेण्यात आली व ती पाहण्यास मोठा जनसमुदाय लोटला. मुलींना शिकविण्यास ज्या समाजाचा कडवा विरोध होता, त्याच समाजासमोर मुलींनी उत्तरे दिली. त्या परीक्षेचा हेतू कोणाचा क्रमांक लावण्याचा नव्हता. मुली शिकू शकतात, ही गोष्ट लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, हा तिचा अर्थ होता.

याच शतकात दुसरीही एक वाट निघाली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशाशी जोडले. हिंदुस्थानातही ‘निकालावर अनुदान’ देण्याची पद्धत अनेक प्रांतांत आली. निरीक्षक येणार, मुलांना वाचावयास लावणार, हिशेब घालणार, आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके अनुदान शाळेस मिळणार, असा तो व्यवहार होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्यावर पैसा मिळतो तेवढेच शिकविले जाऊ लागले. धडे पाठ करून घेण्यावर भर आला. कच्च्या मुलाकडे ओझे म्हणून पाहिले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत आपल्याकडे मागे पडली. तिने दिलेला धडा मात्र आजही जुना झालेला नाही. निकालाच्या आकड्यास बक्षीस वा शिक्षा थेट बांधली की आकडा सुधारतो. मूल सुधारेलच असे नाही.

पुढील काळात महाराष्ट्रात शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी हा जाहीर निकालाचा सर्वांत ठळक प्रकार ठरला. वृत्तपत्रांत पहिल्या क्रमांकांच्या मुलामुलींची छायाचित्रे छापून येत. या यादीने अनेक होतकरू विद्यार्थ्यांना प्रतिष्ठा दिली, हे खरे. पण लाखो परीक्षार्थींपैकी मूठभरांविषयीच ती बोलत असे. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्य मंडळाने ही यादी बंद केली. आता मंडळ विभागवार, जिल्हावार व शाळावार टक्केवारी प्रसिद्ध करते. गोंदिया जिल्हा नागपूर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो, आणि निकालाच्या दिवशी ‘आपला जिल्हा कितवा?’ हीच पहिली विचारणा होते.

कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रस्तुत विषयाशी त्याच्या काही कलमांचा निकटचा संबंध आहे.

कलम २४ अन्वये शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता आणि त्याने साधलेली प्रगती यांची माहिती पालकांस द्यावयाची आहे. म्हणजे प्रगती सांगणे ही शिक्षकाची मर्जी राहिलेली नाही. ते कर्तव्य झाले आहे. कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती स्थापावयाची असून तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत व निम्म्या महिला असाव्यात असे बंधन आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे व शाळा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे होत. ज्या समितीस मुलांची प्रगती ठाऊक नाही, ती देखरेख कशावर ठेवणार आणि आराखडा कशाच्या आधारे करणार?

याच कायद्याचे कलम १७ बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करते. चारचौघांत मुलाचे नाव घेऊन ‘यास वाचता येत नाही’ असे सांगणे हा शिक्षणाचा भाग होऊ शकत नाही. कलम २४ माहिती देण्यास सांगते आणि कलम १७ अपमान करण्यास मनाई करते. जाहीर निकालाची योग्य रीत या दोन कलमांच्या मधून जाते.

महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. वर्षभरातील निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय यांचे आकारिक मूल्यमापन आणि सत्राखेरीचे संकलित मूल्यमापन असे त्याचे दोन भाग आहेत. पहिली-दुसरीस आकारिक भागाला ७० टक्के भार असतो व सातवी-आठवीस तो ४० टक्क्यांवर येतो. प्रगतिपुस्तकात ‘अ-१’पासून ‘इ-२’पर्यंतच्या श्रेणी येतात त्या या पद्धतीमुळे. कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा निर्णय घेतला. या इयत्तांत जे मूल उत्तीर्ण होत नाही, त्यास अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावयाची असते. त्यातही यश न आल्यास मूल त्याच वर्गात राहू शकते.

नागझिरा परिसरातील घराच्या दृष्टीने या तरतुदीचा अर्थ गंभीर आहे. मुलाचे भवितव्य ठरविणारे ते दोन महिने तेंदूपानांच्या हंगामातूनच सुरू होतात. निकाल १ मे रोजी नीट समजला नाही, तर पुनर्परीक्षेची तयारी करून घेण्यास घरी कोणी उरत नाही. येथे निकाल समजावून सांगणे हा औपचारिकतेचा विषय राहत नाही. त्यावर एका मुलाचे एक वर्ष अवलंबून असते.

आकडे कोठून येतात

गावापर्यंत पोहोचणारे शैक्षणिक आकडे तीन ठिकाणांहून येतात. त्यांची गल्लत झाली की चुकीचे निष्कर्ष निघतात.

पहिला उगम शाळा स्वतः. आकारिक व संकलित मूल्यमापनाच्या नोंदी शिक्षकाकडे असतात. त्या प्रत्येक मुलाविषयी असतात व शिक्षकाच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेल्या असतात. मुलास काय येते हे सर्वांत जवळून सांगणारा हाच स्रोत होय. तथापि एका शाळेची श्रेणी दुसऱ्या शाळेच्या श्रेणीशी ताडून पाहण्यास तो फारसा उपयोगी नाही.

दुसरा उगम राज्याच्या चाचण्यांचा. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि पायाभूत व संकलित चाचण्या राज्यभर घेतल्या गेल्या. पुढे २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. प्रश्नपत्रिका समान असल्यामुळे तुलना करता येते. परंतु वर्षारंभीची पायाभूत चाचणी ही मूल कोठे आहे हे पाहण्यासाठी असते. तिचे गुण म्हणजे शाळेचा निकाल नव्हे.

तिसरा उगम सर्वेक्षणांचा. केंद्र शासनाचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ व २०२१ मध्ये झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने तिसरी, सहावी व नववीच्या वर्गांची पाहणी झाली व तीत देशातील २१ लाखांहून अधिक विद्यार्थी सहभागी होते. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ साली सुरू केलेली ‘असर’ ही पाहणी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केली जाते. जिल्ह्यातील ३० गावे व प्रत्येक गावातील २० घरे निवडून मुलास एकेकटे बसवून अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास दिली जाते. या सर्व पाहण्या नमुन्यावर आधारलेल्या असतात. त्या देशाची, राज्याची वा जिल्ह्याची स्थिती सांगतात. जिल्ह्याचा आकडा घेऊन एखाद्या गावच्या शाळेस दोष देणे वा शाबासकी देणे, हे गोंदियात पडलेल्या पावसाच्या सरासरीवरून आपल्या बोडीतील पाणी मोजण्यासारखे आहे.

निकाल वाचण्याचे चार नियम

पुढील उदाहरणे कल्पित आहेत. परंतु लहान शाळेत अशी स्थिती वारंवार उद्भवू शकते.

पहिला नियम : लहान वर्गात टक्केवारीआधी मुले मोजावीत. समजा, तिसरीच्या वर्गात गतवर्षी ८ मुले होती व त्यांपैकी ६ मुलांना गोष्ट वाचता येत होती. प्रमाण ७५ टक्के. यंदा तिसरीत ७ मुले असून ४ वाचतात. प्रमाण ५७ टक्के. कागदावर शाळा १८ टक्क्यांनी घसरली. प्रत्यक्षात वाचणाऱ्या मुलांत दोघांचा फरक आहे, आणि मुलेही निराळी आहेत. आठ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. एका मुलास पंधरवडाभर ताप आला तरी शाळेचा आकडा हलतो. यास्तव लहान शाळेने ‘सातपैकी चार’ असेच सांगावे. ते अधिक खरे आहे आणि गावास अधिक समजते.

दुसरा नियम : भागिले कितीने, हे विचारावे. वर्गाच्या पटावर १० मुले आहेत, चाचणीच्या दिवशी ७ हजर होती व ६ उत्तीर्ण झाली, असे धरू. हजर मुलांत निकाल ८६ टक्के. पटावरील मुलांत तो ६० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण जी तीन मुले आली नाहीत त्यांची चौकशी दुसऱ्याच आकड्यातून होते. शालान्त परीक्षेची टक्केवारीही परीक्षेस प्रविष्ट झालेल्यांवर काढलेली असते. आठवीनंतर अथवा नववीत ज्यांनी शाळा सोडली, त्यांची तीत गणती नसते. वनालगतच्या गावात हीच मुले, विशेषतः मुली, सर्वांत आधी नजरेआड होतात.

तिसरा नियम : मूल कोठे आहे यासोबत ते कोठून निघाले हेही पाहावे. समजा, १२ मुलांच्या वर्गात जून महिन्यात ३ मुले अक्षरांवर, ५ शब्दांवर, ३ परिच्छेदावर व १ गोष्टीवर होते. एप्रिलमध्ये हीच विभागणी १, २, ४ व ५ अशी झाली. केवळ गोष्ट वाचणाऱ्यांचा आकडा घेतला तर १२ पैकी ५, म्हणजे निम्म्याहून कमी. निकाल सामान्य ठरतो. परंतु परिच्छेद वा त्यापुढे वाचणारी मुले ४ वरून ९ वर गेली, हे पाहिले की त्या शिक्षकाच्या वर्षभराच्या श्रमाची ओळख पटते. त्याच वेळी अक्षरांवर राहिलेले एक मूल सरासरीत हरवत नाही. त्याच्यासाठी काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो.

चौथा नियम : आकड्यामागील कारण विचारावे. मूल वाचताना अडले ते अक्षर ओळखत नाही म्हणून, की शब्दच घरच्या बोलीत नाही म्हणून? गोंडी बोलणाऱ्या घरातील मूल पहिलीत प्रमाण मराठी जवळजवळ परकी भाषा म्हणून ऐकते. त्याचा वेग कमी असणे हे मंदबुद्धीचे लक्षण नाही. त्याचप्रमाणे गुण घसरलेल्या महिन्यांशेजारी उपस्थितीचा रकाना ठेवून पाहावा. रोवणी व कापणीच्या दिवसांत मूल किती दिवस गैरहजर होते, हे दिसले की निकालाचा अर्धा उलगडा होतो.

सांगण्याची रीत

महसुली व्यवहारात ‘चावडी वाचन’ ही जुनी व उपयुक्त प्रथा आहे. जमिनीच्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखविल्या जातात. ज्याची नोंद चुकली असेल तो तेथेच हरकत घेतो. संगणकीकृत सातबाऱ्यातील चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात असे वाचन करण्यात आले होते. अलीकडे ‘निपुण महाराष्ट्र’ कार्यक्रमात मुलांनी गावासमोर वाचून व गणिते सोडवून दाखविण्याच्या उपक्रमासही हेच नाव मिळाले आहे. नाव समर्पक आहे. तथापि जमीन आणि मूल यांत एक मोठा भेद आहे. सातबारा वाचला म्हणून शेतास लाज वाटत नाही.

म्हणून शाळेच्या चावडी वाचनाचे दोन भाग स्पष्टपणे वेगळे ठेवावेत. शाळेची एकूण स्थिती हा गावाचा विषय आहे. ती नावांवाचून, आकड्यांत, सर्वांसमोर सांगावी. प्रत्येक मुलाची स्थिती हा पालकाचा विषय आहे. ती त्या पालकास एकट्याने, मुलाच्या कामाची वही समोर ठेवून सांगावी. कोणत्या मुलाने सभेत वाचून दाखवावे हे त्या मुलाच्या इच्छेवर सोडावे, आणि त्याने तयार केलेला उतारा वाचावा. वाचन हा त्याचा आनंद असावा, तपासणी नसावी.

लहान शाळेने येथे एक विशेष दक्षता घेणे आवश्यक आहे. वर्गात तीनच मुले असतील तर ‘तिघांपैकी एकास वाचता येत नाही’ असे म्हणताच सारे गाव त्या मुलाचे नाव ओळखते. नाव न घेताही अशाने नाव घेतल्यासारखेच होते. अशा शाळांनी पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी असे वर्ग एकत्र करून आकडे मांडावेत.

फलकावर फार लिहिण्याचे कारण नाही. पुढील बाबी पुरेशा आहेत : पटावर किती मुले, वर्षातून शाळा किती दिवस भरली व सरासरी उपस्थिती किती, वाचनाच्या प्रत्येक पायरीवर जूनमध्ये किती मुले होती व आता किती आहेत, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांबाबत तीच माहिती, आणि मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्ष किती. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. निकाल हा केवळ मुलांचा व शिक्षकाचा नसतो. शिक्षकाचे पद किती महिने रिक्त होते, पुस्तके केव्हा आली, शिक्षकास अध्यापनाबाहेरच्या कामासाठी किती दिवस जावे लागले, हेही त्याच फलकावर आले पाहिजे. ज्या अहवालात मुलांची जबाबदारी लिहिलेली आहे पण प्रशासनाची नाही, तो अहवाल अर्धा आहे.

सांगण्याची भाषा गावाची असावी. ‘संकलित मूल्यमापनात क-२ श्रेणी’ असे म्हटल्याने पालकास बोध होत नाही. ‘लहान वाक्य वाचते, मोठा उतारा वाचताना थांबते, हातच्याची वजाबाकी चुकते’ एवढे म्हटले की निरक्षर मातेसही आपले मूल कोठे आहे ते समजते. प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंदींची योजना याच हेतूने झालेली आहे. छापील नमुन्यातील तीच ती वाक्ये प्रत्येक मुलापुढे उतरविली गेली, तर मात्र तो हेतू वाया जातो.

क्रमवारीचा मोह

निकाल जाहीर झाले की शाळांची क्रमवारी लावण्याचा मोह होतोच. इंग्लंडमध्ये १९९२ पासून माध्यमिक शाळांचे निकालतक्ते प्रसिद्ध होऊ लागले व वृत्तपत्रांनी त्यांचे क्रमतक्ते केले. शेजारच्या वेल्सने २००१ मध्ये असे तक्ते प्रसिद्ध करणे थांबविले. दोन शेजारी प्रदेशांनी एकाच प्रश्नास दोन भिन्न उत्तरे दिली, हे विचार करण्याजोगे आहे. क्रमवारीने पालकांस निवड करता येते, असे तिचे समर्थक म्हणतात. नागझिऱ्याच्या कडेच्या वस्तीत निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. शाळा एकच आहे, आणि दुसऱ्या गावची शाळा अस्वले व बिबटे वावरत असलेल्या रस्त्यापलीकडे आहे. ज्या गावास शाळा बदलता येत नाही, त्या गावास आपली शाळा सुधारणे एवढाच मार्ग उरतो. त्याच्या हाती क्रमांक देऊन उपयोग नाही. त्यास कामाची माहिती हवी.

क्रमवारीचा दुसरा धोका शिक्षकाच्या प्रामाणिकपणास असतो. खरा आकडा कळविल्यास ठपका आणि फुगविलेला आकडा कळविल्यास अभिनंदन, अशी स्थिती असेल तर कागदावर सर्व मुले वाचू लागतील आणि एखादे मूल पाचवीत जाऊनही अक्षरांवरच अडलेले राहील. जो शिक्षक सभेत उभा राहून ‘माझ्या बारा मुलांपैकी तीन अजून मागे आहेत’ असे सांगतो, त्यास पहिला प्रश्न ‘का?’ असा न विचारता ‘आम्ही काय करावे?’ असा विचारला गेला, तरच पुढील वर्षीही तो खरे सांगेल.

सभेनंतरचे काम

जाहीर निकालाची खरी परीक्षा सभा संपल्यावर होते. आकडे ऐकून गाव घरी गेले आणि काहीच बदलले नाही, तर पुढील वर्षी ऐकण्यास कोणी येणार नाही. निकालातून निघणारी कामे मोठ्या खर्चाची असतातच असे नाही. पाचवी वा आठवीच्या पुनर्परीक्षेस बसणाऱ्या मुलांसाठी मे महिन्यात सायंकाळी तास-दीड तास एकत्र बसण्याची जागा व दिवा, आणि गावातील बारावी झालेल्या एखाद्या तरुणीची सोबत. रोवणीच्या दिवसांत धाकट्या मुलांस अंगणवाडीत ठेवण्याचा आग्रह, म्हणजे मोठी बहीण शाळेत येऊ शकेल. जंगलातून येणाऱ्या मुलांनी एकत्र यावे-जावे म्हणून पालकांची पाळी. गोंडी वा हलबी जाणणाऱ्या आजीने आठवड्यातून एकदा पहिलीच्या वर्गात गोष्ट सांगणे. रिक्त पदाविषयी ग्रामसभेचा ठराव. यांतील प्रत्येक काम फलकावरील एखाद्या आकड्यातून निघालेले आहे आणि प्रत्येकाची जबाबदारी कोणाची हे सभेतच ठरविता येते. शाळा व्यवस्थापन समितीने ही कामे शाळा विकास आराखड्यात नोंदवावी, आणि पुढील सभेच्या आरंभी मागील ठरावांचे काय झाले ते वाचून दाखवावे.

१ मे रोजी ग्रामसभा भरते, शाळा निकाल देते आणि गाव एकत्र असते. तेंदूपानांचे काम सकाळचे असते. सभा सायंकाळी घेतली तर पालकही येऊ शकतात. ध्वजवंदनानंतर मुलांनी प्रगतिपुस्तके घरी न्यावी, सायंकाळी त्यांच्या आईवडिलांनी ती घेऊन शाळेच्या आवारात यावे, शिक्षकाने एकेकास जवळ बसवून वहीतील पाने उलटून दाखवावी, आणि नंतर सर्वांसमोर फलक वाचला जावा, एवढीच ही योजना आहे. यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. कायदा आहे, समिती आहे, दिवसही ठरलेला आहे. त्या सायंकाळी घरी परतताना आईस ‘वर चढला का?’ या प्रश्नाऐवजी ‘हातच्याची वजाबाकी शिकवायची राहिली आहे’ हे ठाऊक असेल, तर निकाल खऱ्या अर्थाने जाहीर झाला असे म्हणता येईल.